तटाबाहेरचा बाजार

परदेश पाहून आलेली माणसे ज्या स्थळांची वर्णने हौसेने सांगतात, त्यांत तटबंदीच्या जुन्या नगरांचा मान मोठा असतो. स्पेन देशातले आविला हे असेच एक नगर. माद्रिदच्या वायव्येस, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीच्या पठारावर ते वसले आहे. नगराभोवती अडीच किलोमीटर लांबीचा दगडी तट आजही सलग उभा आहे. त्याची उंची सरासरी बारा मीटर, जाडी तीन मीटर. ऐंशीहून अधिक बुरूज आणि नऊ दरवाजे. तटाचे बहुतेक काम बाराव्या शतकातले. नगराच्या मुख्य प्रार्थनामंदिराची पाठच तटात बुरुजासारखी बसविली आहे, म्हणजे देवानेही पहाऱ्यावर उभे राहावे अशी योजना! संत तेरेसा १५१५ साली याच नगरात जन्मल्या. १९८५ साली युनेस्कोने आविलाची जागतिक वारशात नोंद केली.

असे नगर पाहावयास गेलेला प्रवासी तट पाहतो, दरवाजा पाहतो, तटावर चढून चार छायाचित्रे घेतो आणि परततो. हा तट कोणी बांधला, दरवाजात कोण अडविला गेला आणि दरवाजा मिटल्यावर बाहेर कोण राहिला, हे प्रश्न त्याला सहसा पडत नाहीत. या लेखात तेच प्रश्न विचारावयाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी मात्र स्पेनपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या मंडईतून निघून अर्धा तास चालण्याची तयारी असली की पुरे.

प्रथम तट म्हणजे काय ते पाहू. तट ही लढाईची वस्तू, अशी आपली समजूत असते. पण एखाद्या नगराच्या शंभर वर्षांत लढाईचे दिवस किती आणि बाजाराचे दिवस किती, याचा हिशेब मांडून पाहावा. वेढा पिढीतून एकदा पडला तर पडला. दरवाजा मात्र रोज सकाळी उघडावयाचा आणि रोज रात्री मिटावयाचा. तेव्हा तटाचे रोजचे काम निराळे होते. धान्य, भाजी, लाकूड, मीठ, कापड, गुरे हे सारे ठराविक दरवाजांतूनच आत यावे, म्हणजे त्यावर कर बसविता येतो. कोण आला, कोण गेला, यावर नजर ठेविता येते. साथ आली तर दारे लावता येतात. शत्रू दूर ठेवणे हे तटाचे नैमित्तिक कर्म, आणि वसुली हे नित्यकर्म.

भाषेने याची साक्ष जपून ठेविली आहे. स्पेनचा मोठा भाग काही शतके अरबी अंमलाखाली होता. तेथील भाषेत जकातीच्या नाक्याला 'आदुआना' म्हणतात. तो शब्द अरबी 'दिवाण'वरून आला. आपला दिवाणही तोच. तेथे गढीला 'अल्काथाबा' म्हणतात, तो शब्द अरबी 'कसबा'वरून आला. आपली कसबा पेठ तीच! दोन टोकांच्या दोन देशांत नगराच्या गाभ्याला एकच नाव पडले आहे. आपला 'हमाल' हा शब्दही अरबीच, आणि त्याचा अर्थ केवळ ओझे वाहणारा. ज्या भाषेने गढी दिली, दिवाण दिला, तिनेच ओझेवालाही दिला. तिघांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

आता दुसरा हिशेब, श्रमाचा. आविलाचा तट अडीच हजार मीटर लांब, बारा मीटर उंच व तीन मीटर जाड धरला, तर बुरूज सोडूनच नव्वद हजार घनमीटर बांधकाम होते. त्याचे वजन दोन लाख टनांच्या घरात जाते. एका बैलगाडीत फार तर एक टन दगड बसेल. म्हणजे दोन लाख खेपा! दगड फोडणारा निराळा, भरणारा निराळा, वाहणारा निराळा, चुना मळणारा निराळा, आणि चढविणारा निराळा. इतिहासात तट राजाच्या नावाने ओळखला जातो. या दोन लाख खेपा कोणाच्याच नावावर नाहीत. हाताशी दगड कमी पडले तेव्हा जुन्या रोमन थडग्यांचे दगडसुद्धा या तटात चिणले गेले. ते आजही ओळखू येतात.

आविलात दोन बाजारचौक आहेत, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक तटाच्या आत, त्याचे नाव धाकटा बाजार. दुसरा तटाच्या बाहेर, मुख्य दरवाजासमोर, त्याचे नाव थोरला बाजार. मोठा बाजार बाहेर का? कारण सरळ आहे. खेड्यातून गुरे आणि गाड्या घेऊन येणाऱ्यांना मोकळी जागा लागते, आणि आत नेलेल्या मालावर वसुली होते. चामडे कमावण्याचे कारखानेही तटाबाहेर, आदाहा नदीच्या काठी होते. वास येणारे काम नगराला हवे, पण नाकाजवळ नको. ही रीत ओळखीची वाटते ना? आपल्या गावोगावची चांभारआळी आणि महारवाडा कोठे असे, ते आठवावे.

आता पुण्याकडे वळू. पुणे हे तटबंदीचे नगर होते, हे पुष्कळ पुणेकरांच्याही ध्यानात नसते. आठव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख येतो, म्हणजे वस्ती तेव्हापासूनची. पुढे सुलतानी अंमलात मुठेच्या काठी, आजच्या कसब्याच्या भागात कोट उभा राहिला. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, तट पाडला आणि उजाड जमिनीवर गाढवाचा नांगर फिरविला, असे सांगतात. त्यानंतर जिजाबाई व बाल शिवाजी पुण्यास राहावयास आले. सोन्याचा नांगर फिरवून ती भूमी पुन्हा वसविल्याची कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. त्या कथेतला एक अर्थ मात्र सुटून जातो. गाव पुन्हा वसले ते आधी तट बांधून नव्हे. आधी जमीन कसणारे परत आले, कारागीर परत आले, मग गाव झाले.

हे जुने नगर पाहावयाचे तर मंडईतून शिवाजी रस्त्याने उत्तरेकडे निघावे. डाव्या हातास बुधवार पेठेतील भिडेवाड्याची जागा लागते. तेथे १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे गेल्यावर शनिवारवाड्याचा तट दिसू लागतो. त्याच्या अलीकडे उजवीकडे लाल महाल. आजची इमारत महानगरपालिकेने विसाव्या शतकात बांधलेली. मूळ महालात शिवाजी महाराजांनी १६६३ च्या एप्रिलमध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला. तेथून कसबा गणपतीवरून आत शिरले की आपण जुन्या गावात आलो.

तटाचा भव्य पट्टा येथे शोधू नये, तो सापडणार नाही. येथे तट नावांत उरला आहे. नदीकडे कुंभार वेस आहे. वेस म्हणजे तटाचे दार. दार गेले, नाव राहिले. मुंबईकरांना हे नवे नाही. मुंबईच्या कोटाचे तट गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत १८६० नंतर पाडले गेले, तरी माणसे अजून चर्चगेटला जातातच. गेट मात्र कोणी पाहिलेले नाही. कसब्यात आळ्यांची नावे ऐकत चालावे. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, भोई आळी, कागदीपुरा. ही नावे सरदारांची नाहीत, धंद्यांची आहेत. वेशीला नाव मिळाले तेही कुंभाराचे, कारण भट्टीचा धूर आणि मातीची गाढवे गावाच्या कडेला. तांबट आळीतून हातोड्यांचा ठोका ऐकू आला तर थोडे थांबावे. एवढे जुने ऐकण्यासारखे या गावात दुसरे काही नाही.

पेशवाईत नगर कोटाबाहेर पसरले आणि पेठामागून पेठ वसली. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. भोवती नऊ बुरुजांचा व पाच दरवाजांचा तट झाला. खाली दगड, वर विटा. म्हणजे सबंध नगराला तट न राहता तो एका वाड्यापुरता आला. आणि बाजार? तो तटाबाहेरच! शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरील पटांगणात भाजीबाजार उघड्यावर भरे. आविलाचा थोरला बाजार मुख्य दरवाजासमोर, आमचाही तसाच. पेशवाई १८१८ साली गेली, १८२८ साली वाडा आगीत जळाला. भाजीवाल्या त्याच पटांगणात बसत राहिल्या. राज्य बुडाले म्हणून कोणाची भूक थांबत नाही.

नगराला दगडी तट नसला म्हणजे सारे मोकळे झाले, असे मात्र कोणी समजू नये. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरण्यास बंदी असे. तो काळाचा तट. आणि त्याहून उंच असा एक तट होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावर जे प्रसिद्ध भाषण छापले, त्यात पेशव्यांच्या राजधानीतील रीत नोंदविली आहे. अस्पृश्याने थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे, आणि पाऊल पुसले जावे म्हणून कमरेला झाडू लावावा. दगडाच्या तटाला निदान दरवाजे असतात आणि ते सकाळी उघडतात. हा तट माणूस स्वतःच्या अंगावर वागवीत होता आणि त्याला दरवाजाच नव्हता. जुनी नगरे पाहताना हा न दिसणारा तट ज्याला दिसत नाही, त्याने अर्धेच नगर पाहिले असे म्हणावयास हरकत नाही.

उघड्यावरचा बाजार छपराखाली आला तो १८८६ साली. शुक्रवार पेठेत नवी मंडई बांधली गेली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना फुटलेले पाखे. टोकदार कमानी पाहाव्यात. ही युरोपातील मध्ययुगाची बांधणी. आविलाच्या प्रार्थनामंदिरात ज्या घाटाच्या कमानी देवासाठी उभारल्या, त्याच घाटाच्या कमानींखाली पुण्यात कांदेबटाटे विकले जाऊ लागले. मला यात विटंबना वाटत नाही. कमानीचे काम सावली देणे. ती भाजीवालीला मिळाली, चांगले झाले.

या इमारतीच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध झाला होता. तो करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सभासद होते. इमारतीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, हे त्यांचे म्हणणे. पुढे १९३० नंतरच्या दशकात आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना या मंडईला महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले. ज्याने विरोध केला त्याचेच नाव दिले, म्हणून काही लोक हसतात. हसणाऱ्यांना फुल्यांचा मुद्दा समजलेला नसतो. बाजाराला छप्पर नको असे ते म्हणत नव्हते. दगडाला मानाचे स्थान आणि माणसाला उरलेसुरले, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. त्यांचे नाव त्या दगडावर आहे हे योग्यच झाले. येताजाता तो प्रश्न डोळ्यांपुढे राहतो.

छप्पर मिळाले तरी वसुलीचा तट उरलाच होता. पुण्याच्या वेशीवर जकात नाके होते. मालाची गाडी नाक्यावर थांबे, पावती फाटे, वेळ जाई, भाजी सुके. जकात सावकाराने भरली तरी ती शेवटी भाजीच्या भावात शिरे आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीतून वसूल होई. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ती १ एप्रिल २०१३ रोजी बंद झाली आणि स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर सुरू झाला. म्हणजे दगडी कोट पडल्यावरही वेशीवरच्या वसुलीची रीत जवळजवळ चारशे वर्षे टिकली. आता नाका नाही, पण कर बिलातून येतोच. दरवाजा अदृश्य झाला, एवढाच फरक.

या साऱ्या व्यवहारात माल उचलणारा कोण, हे माझ्या कामामुळे मी रोज पाहतो. सावकार बदलले, राज्ये बदलली, कर बदलले. पाठीवरचे पोते बदलले नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५० नंतरच्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याआधी हमाल हा कोणाचाच कामगार नव्हता. ज्याचा माल त्याचा तो तासाचा मजूर. कायद्याने मालकांची नोंद, हमालांची नोंद, मजुरी मंडळामार्फत, त्यात भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचे पैसे, अशी व्यवस्था बसविली. १९७४ साली हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे केंद्र काढले, की कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवता यावे. घाऊक बाजार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी ही मुळे मंडईच्या परिसरातलीच. हा कायदा म्हणजे तटाला पाडलेले एक दारच होय. हमाल शतकानुशतके नगराच्या आत माल पोचवीत होता. नगराच्या हिशेबाच्या वहीत तो प्रथमच शिरला.

आता आजचा प्रश्न. शनिवारवाड्याचा तट हे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे आणि ते जपले पाहिजे, यात दुमत नाही. २०१० साली केंद्राच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तिने स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद केले आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीचे बंधन घातले. मोकळ्या माळावरच्या स्मारकाला हे ठीक. पण शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरांत माणसे राहतात. जुन्या वाड्यांच्या भिंती फुगल्या आहेत, तुळया वाळवीने खाल्ल्या आहेत, भाडेकरू दोनदोन खोल्यांत दिवस काढीत आहेत. परवानगी काढून डागडुजी करता येते. मोडकळीला आलेला वाडा उतरवून नवा बांधणे मात्र अडते. पाऊस कायदा वाचून पडत नाही. बाजीरावाच्या तटाभोवती आपण शंभर मीटर जाडीचा दुसरा तट उभा केला आहे आणि या खेपेस माणसे त्याच्या आत कोंडली गेली आहेत.

आविलाची वारसायादीतील नोंद येथे शिकविण्यासारखी आहे. ती नुसती तटाची नोंद नाही. 'जुने नगर व तटाबाहेरची प्रार्थनामंदिरे' अशी ती आहे. तटाबाहेर जे वसले तेही नगरच, हे तेथे मान्य झाले. तेथे तटावर चढण्याची एक वाट जुन्या खाटिकखान्याच्या इमारतीतून जाते, हेही मला आवडते. बाजारातून गेल्याशिवाय तट कळत नाही, असेच जणू त्या वाटेने सांगितले आहे. आपणही जपणुकीचा विचार करताना तट आणि आळी, वाडा आणि भाडेकरू, मंडईची कमान आणि तिच्याखाली बसणारी गाळेवाली यांचा विचार एकत्र केला पाहिजे. उंचीची मर्यादा घाला, घाट ठरवून द्या, पण पडक्या घराला उभे राहू द्या. तांबट आळीत तांबट उरला नाही तर पाटीवरचे नाव कोणासाठी जपावयाचे?

तेव्हा ज्यांना हे नगर पाहावयाचे आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. सकाळी लवकर या. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईपर्यंत भुयारी मेट्रो आली आहे, म्हणजे थेट बाजाराच्या पोटातच उतरता येते. आधी टोपल्या कोण उतरवितो ते पाहा, मग वरच्या कमानी पाहा. लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी थोडे उभे राहा. या भागाला लोक 'मंडई विद्यापीठ' म्हणत आले आहेत, आणि येथे शिकण्यास फी पडत नाही. मग शिवाजी रस्त्याने वाड्याकडे जा, पटांगणात थांबा, आणि येथे एके काळी भाजी विकली जात होती हे लक्षात आणून दिल्ली दरवाजाकडे बघा. कसब्यातून कुंभार वेशीपर्यंत चाला. परत येताना एक जुडी मेथी घ्या, आणि भाव पाडून घेण्यापूर्वी त्या जुडीला किती हात लागले असतील ते एकदा मोजा.